हिलालभाऊची खिडकी

हिलालभाऊचं नाक कापायचं, हे सदफने होळीलाच ठरवलं. उगाच नाही.

तळोद्याहून डोंगरात जाणाऱ्या जीपांचं ऑनलाइन बुकिंग हिलालच्या कंपनीकडे. कुणी नवं ॲप केलं, तरी जागा मागायची त्याच्याच एपीआयकडे. म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलायची खिडकी. सदफने अब्बांच्या जीपसाठी ॲप केलं, त्या खिडकीला जोडलं आणि सुटायची वेळ कोरी ठेवली. इथे जीप भरली की सुटते, घड्याळ बघतो कोण? पण खिडकीला वेळ हवीच होती. तसं खिडकीने सांगितलं मात्र नाही. मेली 'ठीक' म्हणाली आणि बुकिंग गिळून बसली.

होळीच्या आदल्या दिवशी अब्बांकडे, म्हणजे फकीर ड्रायव्हरकडे, एकही नाव आलं नाही. त्यांनी स्टँडवरची माणसं भरली आणि ते होळीसाठी डोंगरातल्या काठी गावाला निघाले. सदफच्या ॲपवर जागा घेतलेली, ऊसतोडीहून आलेली रुखमाबाई लेकरांसह स्टँडवर उभीच राहिली, हातातल्या फोनवर 'ठीक' घेऊन. काठीची होळी तिच्याविना पेटली. अब्बा परतले तेव्हा ती सगळ्यांसमोर त्यांना म्हणाली, "फकीर, देवाच्या दिवशी फसवलंस." अब्बांनी जीपची किल्ली खुंटीला लावली, ती लावलीच.

सदफने हिलालला फोन केला. तो म्हणाला, "येळ टाकनी पडस, इतलं बी समजत नही? मंग शिलाई मशीन ली बस, बाई!" मागे त्याचं सगळं ऑफिस खिदळलं.

थांब रे, म्हणाली ती, तुझ्या खिडकीवर कुत्रं फिरकू देणार नाही.

तिने स्वतःची खिडकी बांधली. वेळ लिहा, नाहीतर 'भरली की' लिहा. चुकलात तर काय चुकलं आणि काय लिहायचं, ते साध्या मराठीत. काही गिळणं नाही. शहाद्या-नंदुरबारची ॲपवाली पोरं आली, त्यांच्यामागे ड्रायव्हर आले. शेवटी जागा विकायला हिलाललाही तिच्याच दारात यावं लागलं.

सदफचे हात शिवशिवले. फक्त हिलालसाठी एक ओळ: 'ठीक' म्हणायचं आणि गिळायचं. लिहिलीसुद्धा. अब्बांनी पाहिलं आणि विचारलं, "त्याच्याकडून रुखमाबाईने जागा घेतली तर?"

तिने ओळ पुसली. राग कुठे पुसला जातो! निदान त्याचा फोन येईल. शिलाई मशीनचं उत्तर तिने जिभेवर तयार ठेवलं होतं. फोन आलाच नाही. त्याची बुकिंगं मात्र सुरळीत येऊ लागली. हात्तिच्या! इतकं सोपं केलं की मेल्याला विचारायलाही काही उरलं नाही!

संध्याकाळी त्याच्या ऑफिसातला आमीर हसत हसत घरी आला. "हिलालभाऊने पहिल्यांदा वेळ कोरीच ठेवली," तो म्हणाला. खिडकीने लगेच सांगितलं: 'वेळ रिकामी आहे. जीप भरल्यावर सुटत असेल तर "भरली की" लिहा.' हिलालने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. मग विचारलं, "हाई कोनी लिखं?"

"मी म्हटलं, त्या शिलाई मशीनवालीनी," आमीर म्हणाला.

सदफ पोट धरून हसली. अब्बांनी खुंटीवरची किल्ली काढली आणि जीप पुसायला फडकं मागितलं.