पाऊण लिटर

“एवढंच? चिमणीला पाजताय का?” बायको म्हणाली.

“साठ मिली. गोळीपुरतं,” म्हणत टँकरवाल्याने खोकल्याच्या औषधाचं झाकण पुसून ठेवलं. तेच आता घरातलं माप होतं.

तिची मूत्रपिंडं निकामी होत आली होती. दिवसाला पाऊण लिटर, वर थेंबही नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सुरुवातीला त्याने नुसतं पाणीच मोजलं. जन्मभर पाण्याचा टँकर चालवलेल्या माणसाला चहा आणि पातळ भाजी हेही पाणीच, हे कुठून सुचणार? तिचे पाय सुजले, चार पावलांत धाप लागायला लागली, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून साडेसातशे मिलीतून चहाचे शंभर वजा, भाजीचे दीडशे वजा, उरेल ते तिच्या घशाला. हजारो लिटरांत बोलणारा गडी मिलीवर आला आणि पक्का चिक्कू झाला. ती ओठ चाटत बसायची, ते त्याला बघवत नसे. स्वतःची तहान तो मोरीत जाऊन, नळ बारीक सोडून, चोरासारखी भागवायचा.

“अहो, तुमच्या टँकरात किती मावायचं?”

“आठ हजार लिटर.”

“मला ते किती दिवस पुरलं असतं?”

तो बराच वेळ बोटांवर मोजत पुटपुटला. “एकोणतीस वर्षं.”

“अगंबाई! एवढं जगून करू काय? तुमची बोलणी खाऊ?” ती खळखळून हसली आणि लगेच खोकत बसली. त्याला हसू आलं नाही. एकोणतीस कोण मागतंय, दोन मिळाली तरी त्याने हात जोडले असते.

त्याच आठवड्यात तपासणीचे कागद घेऊन तो एकटाच दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी ते सावकाश वाचले आणि चष्मा काढला.

“काका, आता पाणी मोजू नका. हवं तेवढं पिऊ द्या त्यांना.”

“पण पाय पुन्हा सुजतील ना?”

बाईंनी कागदांची घडी घालून ते त्याच्या हातात परत दिले. मग त्याला कळलं. घरापर्यंतचा रस्ता त्याने कसा कापला, त्याचं त्याला ठाऊक.

घरी आल्यावर त्याने मोठा पेला काठोकाठ भरला आणि तिच्यासमोर धरला. थोडं पाणी चादरीवर सांडलं. एरवी तेवढ्यासाठी त्याचा जीव वरखाली झाला असता.

तिने पेल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“मोजलंत?”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली. अंथरुणावर जरा बाजूला सरकली. “मग डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगू नका. बसा इथे.”

तो बसला. तिने दोन्ही हातांनी पेला धरून घोट घेतला, डोळे मिटले, आणखी एक घेतला. तिसरा काही घशाखाली उतरेना.

“पुरे,” ती म्हणाली. “आता तुम्ही प्या. माझ्यासमोर.”