सुताराच्या काखेतलं अवधाण

मी एक जुनी पेशी आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे तुमच्या हिशेबाने काही आठवड्यांचीच, पण आमच्यात एवढं जगलं तरी म्हातारी म्हणतात. हाडातल्या मगजात जन्मले आणि एका सुताराच्या उजव्या अंगठ्यात, शेवटच्या पेराच्या कातडीखाली पहाऱ्याला बसले. अंगाला चहूकडे फांद्या. आल्यागेल्याला चाचपत बसायचं, बस. तेव्हा मला त्याचा भारी कंटाळा यायचा.

मग एक दिवस लाकडाची काट्यासारखी कूस त्या पेरात खोल शिरली आणि तिच्याबरोबर जंतू आले. सुताराने ती दातांनी उपसली, चिंधी गुंडाळली आणि रंधा पुन्हा हातात घेतला. बाप दारं घडवायचा, लेक पॉलिश मारायची. तिने विचारलं, "बाबा, काय झालं?"

"कुठे काय? ओरखडा आहे," म्हणत त्याने हात खिशात घातला.

मी एक जंतू गिळला, त्याचे तुकडे केले आणि एक तुकडा अंगावर मिरवत काखेतल्या गाठीकडे निघाले. तिथे टी पेशी असतात. लढणाऱ्या त्याच, पण जंतू कोणीतरी आणून दाखवल्याशिवाय जागच्या हलत नाहीत. त्यातून प्रत्येकीला एकच तुकडा ओळखता येतो. जन्मात दुसरा नाही.

पहिली आली, चाचपून गेली. दुसरी गेली. मग किती आल्या नि किती गेल्या! मी पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. मागे अंगठ्यात माझे सोबती पटापट पडत होते, जंतू पसरल्याची लाल रेघ मनगटाच्या वर चढली होती, आणि माझं बळ सरत चाललं होतं. आपण तुकडा हातात धरून इथेच मरणार, असं मला वाटू लागलं. इकडे पेशींची ही रीघ लागून गाठ टरारून सुजली.

त्या सुजेनेच सुताराला उघडं पाडलं. तिसऱ्या दिवशी दाराची वरची बिजागरी बसवायला त्याने हात उचलला आणि स्क्रू ड्रायव्हर खाली पडला.

"हात वर होत नाही का, बाबा?"

"काखेत अवधाण आलंय गं. उतरेल."

"अवधाण उगाच येत नाही. काढा तो हात खिशातून."

त्याने लहान पोरासारखा हात पुढे केला. लेकीने चिंधी सोडली तसं काळं पडलेलं पेर दिसलं.

"कधी दाखवणार होतात हे?"

"तू घाबरशील म्हणून..."

"मग आता काय नाचू?" ती म्हणाली आणि रडत रडतच त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

त्याच सुमारास एक किडकिडीत टी पेशी माझ्यापाशी थांबली. तिला तुकडा ओळखू आला! पण नुसती ओळख पुरत नाही, मित्रांनो. हा धोका आहे, ही दुसरी खूणही पटवावी लागते, नाहीतर ती पेशी कायमची थंड पडते. उरलंसुरलं बळ एकवटून मी ती खूण दिली. ती शहारली. एकीच्या दोन झाल्या, दोनांच्या चार, आणि मग त्यांची रांगच्या रांग खाली हाताकडे निघाली. बाहेरून औषध, आतून त्या. लाल रेघ उतरली.

हात वाचला. अंगठ्याचं शेवटचं पेर मात्र डॉक्टरांना कापावं लागलं. ते आधीच काळं पडलं होतं.

आता मी संपत आले आहे. माझी हाक काखेपर्यंतच पोचते, मित्रांनो. त्यापुढे तोंड उघडायचं ते तुम्हीच. दुखलं तर घरच्यांना दाखवा, त्याच दिवशी दाखवा. सुतार आता रोज सकाळी न विचारता लेकीपुढे हात धरतो. ती तो उलटासुलटा करून बघते, मगच रंधा देते. हे त्याने दोन दिवस आधी केलं असतं, तर ते पेरही राहिलं असतं. माझं घर होतं ते.