सरकारी ट्रकच्या मागे मुका राहिलेला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना पितळी भोंगा आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका तांबटाने मला घडवले. शिवपुरी-ग्वाल्हेर प्रवासी मोटारीवर चालकाच्या हाताशी मला बसवले. रबरी फुगा दाबला की मी असा ओरडे, की बैलगाड्या, टांगे, सायकली मुकाट्याने कडेला होत. रस्ता जेमतेम दोन गाड्यांचा. पुढे कोणी रेंगाळले की मागे ही लांब रांग लागे. ती फोडणे माझे काम होते आणि ते मी चोख करी.

आमचे चालक तुकोजीराव पूर्वी संस्थानच्या फौजेत होते. दरबारच्या गाडीला ओलांडायचे नाही, तिच्यामागे भोंगाही वाजवायचा नाही, ही तेव्हाची शिस्त. संस्थान विलीन होऊन आठ वर्षे झाली, तरी ती त्यांच्या अंगातून जाईना.

छप्पन साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि कचेऱ्या इकडच्या तिकडे हलल्या. एका दुपारी दप्तरे लादलेला, झेंडी लावलेला सरकारी ट्रक आमच्या पुढे आला. चाल बैलाची. आमच्या मागे पंधरा-वीस गाड्या अडकल्या. मोटारीत सुलोचनाबाई कळांनी तळमळत होत्या. मूल आडवे होते, सुईणीने हात टेकले होते. ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या इस्पितळात लवकर पोहोचणे भाग होते.

"तुकोजीराव, गाडी आगे काढा ना," त्यांचे यजमान कान्होजी हात जोडून म्हणाले.

"सरकारी झंडी आहे. तिच्या आगे कशी काढू?"

"रियासत कधीच खतम झाली हो. भोंगा तरी वाजवा."

तुकोजीरावांनी माझ्याकडे पाहिले, पण हात लावला नाही. ट्रकला ओलांडण्याइतका रस्ता दोनदा मोकळा झाला होता. मी संतापाने जळत होतो.

तासाभराने ट्रक नाक्यावर थांबला. त्याचा चालक दौलतसिंह आमच्या मोटारीत डोकावला आणि हबकला.

"हॉर्न दे देते भाईसाहब," तो म्हणाला, "मैं साइड दे देता."

सुलोचनाबाई वाचल्या. मूल वाचले नाही. संध्याकाळी कान्होजी इस्पितळाबाहेर आले, उभ्या मोटारीत चढले आणि दोन्ही हातांनी मला दाबत राहिले. मी घसा फाटेपर्यंत ओरडलो. वाटेत कोणीच नव्हते.

मित्रांनो, दप्तरे जरा मागे पडली असती तर कोणाचेही काही बिघडले नसते. पुढे झेंडी कोणाचीही असो, मागे जीव अडला असेल तर भोंगा वाजवा.