पिवळा ठिपका

"चार वाक्यं बोलणारेत ते," हिया म्हणाला. "तू ती थाईत सांगायचीस, बस्स. तुझंच तर काम आहे ते."

हिया म्हणजे माझा थोरला भाऊ; मी त्याची म्वॉय, धाकटी बहीण. विहाराच्या मंडपात आईच्या शवपेटीभोवती पांढऱ्या फुलांची कमान लावून झाली होती. खुर्च्या भरत आल्या होत्या. तिन्ही कारखान्यांतून बसेस आल्या होत्या आणि काळे कपडे घातलेली माणसं छातीवर कंपनीचा बिल्ला लावून रांगेने आत येत होती. बिल्ल्यावर नाव होतं, 'हुआत आणि पुत्र'. हुआत आमचे वडील. पुत्र एकच.

"कशाबद्दल बोलणार आहेत?" मी विचारलं.

"कशाबद्दल म्हणजे? मा-बद्दल. ठिपक्याबद्दल. हाशिगुची-सान मुद्दाम नागोयाहून आलेत, म्वॉय. दोन्ही गुडघे बदललेत त्यांचे, तरी आलेत."

"तुझ्या ऑफिसात तीन दुभाषे आहेत."

"त्या दिवशी तूच होतीस ना? मग आजही तूच. बरं दिसतं ते."

त्या दिवशी मीच होते, हे खरं.

आई एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन समुत प्राकानच्या त्या खाली दुकान, वर बिऱ्हाड असलेल्या घरात आली, तेव्हा कंपनी म्हणजे हाताने दाबायचा एक प्रेस होता. वडील दांडा ओढायचे. आई साच्यातून तापलेले रबराचे तुकडे जेवायच्या काड्यांनी सोडवून काढायची. मग त्यांच्या कडेला सांडलेली रबराची पातळ झालर कात्रीने कापायची. आधी तीनचाकी गाड्यांच्या इंजिनाखालचे ठोकळे, मग पिकअप ट्रकचे बुश. बुश म्हणजे चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये बसणारं रबराचं नळकांडं. रस्त्यातला खड्डा आधी ते अंगावर घेतं. गाडीत बसणाऱ्याने ते आयुष्यात कधी पाहिलेलं नसतं.

कापलेला प्रत्येक तुकडा आई अंगठ्याखाली दाबायची आणि सोडायची. रबर किती लवकर परत वर येतं, त्यावरून ते आतपर्यंत शिजलंय की नाही हे तिला कळायचं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. कारखाना मोठ्या शेडमध्ये गेला, पाच प्रेस झाले, चाळीस बायका झालर कापायला आल्या, तरी शेवटचा अंगठा तिचाच. जपानी कंपनीने पहिल्या चाचणीची ऑर्डर दिली तेव्हा तपासणाऱ्या प्रत्येकीला एकेक रंग ठरवून दिला. तपासलेल्या मालावर आपल्या रंगाचा ठिपका लावायचा. आईला पिवळा मिळाला. रंगाची बाटली ती देवाच्या फळीवर, उदबत्तीच्या शेजारी ठेवायची.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. जपानी शिकून नुकतीच परत आले होते. "पोराला यंत्रं, पोरीला भाषा," असं वडिलांनी ठरवलं होतं. यंत्रं वाट्याला आलेला हिया इंजिनिअर होऊन आला होता.

तारीख गाठायची म्हणून त्या महिन्यात रबर साच्यात बारा मिनिटांऐवजी आठच मिनिटं ठेवायला सुरुवात झाली. पहिल्याच क्रेटमधला बुश आईने दाबला आणि बाजूला ठेवला. दुसरा दाबला, बाजूला ठेवला.

"वरून शिजलंय, आत कच्चं आहे," ती म्हणाली. "भात असता तर कुत्र्यालासुद्धा घातला नसता."

हियाने कठीणपणा मोजायचं यंत्र आणून टेकवलं. "हे बघ मा. अठ्ठावन्न. त्यांनी साठच्या आसपास मागितलंय. काटा खोटं बोलतो का?"

"काटा वरवरचं सांगतोय. अंगठा आतलं सांगतो."

"तुझ्या अंगठ्याला सर्टिफिकेट आहे?"

"याच अंगठ्याने तुझं ढुंगण धुतलंय. ते तुझं सर्टिफिकेट." बायका हसल्या. सगळ्यात मोठ्याने हसली ती तिच्या शेजारच्या स्टुलावरची पा बुनरुआन. आईने ठिपका लावला नाही. चार हजार बुश बिनठिपक्याचे पडून राहिले.

दोन दिवसांनी चिंगमिंग होता, आम्हा चिनी घरांतला पितरांच्या कबरी झाडायचा दिवस. दरवर्षी आम्ही सगळे चोनबुरीच्या टेकडीवर जायचो. त्या वर्षी वडील म्हणाले, "तुम्ही दोघी जा. आम्हाला काम आहे." चिंगमिंगला घरातला मुलगा नाही आणि नातूही नाही, असं कधी झालं नव्हतं. शेजारच्या कबरीवरच्या लोकांनी विचारलं तेव्हा आईने सांगितलं की दोघंही तापाने झोपलेत. मग तिने सासू-सासऱ्यांच्या नावाच्या अक्षरांत एकटीने लाल रंग भरला. न वाचता, खाचेत ब्रश फिरवत. सगळी अक्षरं नीट भरली. उतरताना म्हणाली, "पितरांना रागावता येत नाही म्हणून बरं असतं."

संध्याकाळी परत आलो तर क्रेट गेलेले होते. देवाच्या फळीवर पिवळ्या रंगाची बाटली उघडी होती आणि ब्रश काडीसारखा कडक झाला होता.

"माझा ब्रश कुणी वाळवला?" आईने विचारलं.

वडील चहा पीत होते. हियाने पंखा मोठा केला. आईने ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवला.

अठरा दिवसांनी जपानी कंपनीचे तपासनीस हाशिगुची-सान आले. तेव्हा ते पस्तिशीचे असतील. टेबलावर त्यांनी मधोमध कापलेला एक बुश ठेवला. आत मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं होती. बाहेर पिवळा ठिपका.

"पिवळा कुणाचा?" त्यांनी विचारलं. मी थाईत विचारलं. वडिलांनी आईला शेडमधून बोलावून घेतलं.

ती हात पुसत आली. अर्धा बुश उचलला, भोकांवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्याला सांग. पिवळा रंग माझा, पण हा ठिपका मी लावलेला नाही. मी त्या दिवशी कबरीवर होते. हा माल मी बाजूला काढला होता."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला ते रागाने पाहतील असं वाटलं होतं. ते वाट पाहत होते.

तपासणीचा ठिपका खोटा निघाला तर ती कंपनी पुन्हा कधीच दारात उभं करणार नाही, हे मला कळत होतं. नुसती चूक असेल तर सुधारायला वाव होता. शेडमध्ये चाळीस बायका बसलेल्या होत्या. असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. त्या क्षणी मी बायकांचा विचार केला होता की वडिलांच्या नजरेचा, हे आज मला सांगता येणार नाही.

मी जपानीत म्हणाले, "पिवळा रंग माझा. चूक माझी. मला क्षमा करा." आणि वाकले. वडील वाकले, हिया वाकला. आम्ही सगळे वाकलो हे पाहून आईही वाकली.

जिन्यात तिने मला विचारलं, "काय सांगितलंस त्याला?"

"सांगितलं, पुढे काळजी घेऊ."

"हं," ती म्हणाली. "बरं केलंस."

मोठी ऑर्डर मिळाली. अट एकच होती, तपासणीतून ती बाई हलवायची. दुसऱ्या दिवसापासून आई कँटीनमध्ये भात शिजवायला लागली. चाळीस माणसांचा, मग चारशेंचा, मग रायोंगचा कारखाना उभा राहिल्यावर त्या स्वयंपाकिणींनाही तिनेच शिकवलं. पातेल्यातून एक शीत काढून ती अंगठ्याखाली दाबायची. तेवीस वर्षं. वडील गेले तेव्हाही त्या सकाळचा भात तिने करून ठेवला होता.

नव्या कामगाराच्या पहिल्या दिवशी हिया पडद्यावर एक मोठा पिवळा ठिपका दाखवतो. "माझ्या आईने एकदा चूक केली आणि ती कबूल केली. या कंपनीचा पाया तो आहे." दर वेळी त्याचे डोळे भरून येतात. तो खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. त्याला आता तसंच आठवतं.

मंडपात हाशिगुची-सान काठी टेकत माइकपाशी आले. केस पांढरे झाले होते. ते सावकाश, नीट जपानीत बोलले, "मी नोकरीत शेकडो कारखाने पाहिले. सगळीकडे कारणं ऐकली. फक्त एक बाई माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, चूक माझी. तिच्या त्या वाक्यावर मी या कंपनीवर विश्वास ठेवला. आज मी तिला नमस्कार करायला आलो आहे."

त्यांनी शवपेटीला नमस्कार केला आणि माझ्याकडे पाहिलं. पहिल्या रांगेत हियाने रुमाल काढला.

मी माइक जवळ घेतला. "हाशिगुची-सान म्हणतात, ते माझ्या आईला नमस्कार करायला आले आहेत," मी थाईत म्हणाले. पुढे मी जे म्हणाले ते त्यांचं नव्हतं. "तो पिवळा ठिपका माझ्या आईचा नव्हता. ती तसं म्हणाली होती. भाषांतर मी खोटं केलं."

पंखे फिरत होते. पुढच्या रांगांमधले नवे मॅनेजर एकमेकांकडे पाहायला लागले. अगदी मागून, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या बायकांतून, पा बुनरुआनचा आवाज आला, "नव्हताच मुळी!" कुणीतरी तिला गप्प केलं. भिक्षूंनी पठणाचे पंखे तोंडापुढे धरले आणि पठण सुरू झालं.

पुढे सगळं ठरल्याप्रमाणे झालं. लोक चंदनफुलं म्हणतात ती कागदी फुलं घेऊन पायऱ्या चढले, वाहून उतरले, खोक्यातला सरबताचा डबा घेऊन बसकडे गेले.

हाशिगुची-सान एका खांबाशी बसले होते. "मी बरंच बोललो," ते म्हणाले. "तुमचं भाषांतर थोडक्यात होतं."

मी त्यांना सांगितलं, आईचं त्या दिवशीचं वाक्य जसंच्या तसं. तीस वर्षं उशिरा, पण बिनचूक.

ते काठीच्या मुठीकडे पाहत राहिले. "मला तेव्हाच शंका आली होती. दिवसाला दोन हजार ठिपके देणारा हात इतका जाड ठिपका देत नाही."

"मग?"

"अहवालात एक नाव लिहावं लागतं," ते म्हणाले. "नाव मिळालं की फाइल बंद होते." मग त्यांनी माझी क्षमा मागितली. ती मी कुणाच्या वतीने स्वीकारायची ते मला कळेना.

गाडीपाशी हिया उभा होता. डोळे अजून ओले होते. "भाषांतर चुकलं तुझं," तो म्हणाला. "दमली आहेस तू. मी लोकांना सांगितलंय तसं."

"हिया, ब्रश कुणी वाळवला होता?"

"कुठला ब्रश?" त्याने विचारलं. मी त्याचा चेहरा नीट पाहिला. त्याला खरंच आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी गोळा करायला आम्ही दोघंच होतो. विहारातल्या माणसाने राख पांढऱ्या कापडावर माणसाच्या आकारात पसरून ठेवली होती. डोकं पश्चिमेला, हात, पाय. त्याने ती पूर्वेकडे, म्हणजे नव्या जन्माकडे वळवली, वर सुगंधी पाणी शिंपडलं, आणि म्हणाला, "थोरल्यांनी आधी."

हिया गुडघ्यांवर बसला. उजव्या हाताच्या जागेचा एक तुकडा त्याने उचलला आणि अंगठ्याखाली दाबून पाहिला. का दाबला, हे त्याचं त्यालाही कळलं नसावं. तुकड्याचा बारीक आवाज होऊन चुरा झाला.

तो चुरा त्याने कापडात नीट झाडून घेतला. पुढचा तुकडा उचलताना अंगठा दूर ठेवला.