साच्याला कुठे हसायचं असतं?

“टोचते,” असं म्हणून बायकोने कवळी काढली आणि पाण्याच्या वाटीत ठेवली.

दातवाल्यांचा घास हातातच राहिला. त्यांची उभी हयात लोकांचे दात घडवण्यात गेली होती. दवाखान्यातून जबड्यांचे प्लास्टरचे साचे यायचे आणि मागच्या खोलीत बसून ते त्यांवर कवळ्या बनवायचे. त्या खोलीत कुणी पेशंट फिरकत नसे. तक्रारी डॉक्टरांकडे जात, आणि डॉक्टर भिडेखातर दातवाल्यांना काही बोलत नसत. आता बायकोची कवळी जीव ओतून केली, तर हा घरचा आहेर!

“नवी आहे. होईल सवय,” ते गुरकावले.

“महिना झाला की हो.”

“साच्यावर कशी चपखल बसली होती!”

“बसली असेल. साच्याला कुठे हसायचं असतं?”

हे मात्र वर्मी लागलं. बायको म्हणजे शेजारच्या मांजरावरूनही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारी बाई. महिनाभर घर कसं छान शांत आहे, असं त्यांना वाटत होतं. ती शांतता आपणच तिच्या तोंडात बसवली होती! त्यांना फार वाईट वाटलं. तरी नाकावरचा राग काही उतरेना. त्यांनी कवळी दिव्याखाली धरून उलटसुलट पाहिली. नुसती चकाकत होती.

“घाल. आणि हस बघू.”

“असं सांगून हसू येतं होय?”

“बरं, विनोद सांगतो. एक माणूस दवाखान्यात जातो... नाही, थांब, आधी त्याची बायको जाते. आणि डॉक्टर म्हणतात, अहो, हे दात घोड्याचे! नाही, हे शेवटी होतं...”

विनोदाचा पार चुथडा झालेला पाहून ती खळखळून हसली, आणि लगेच “आई गं!” करत तिचा हात ओठावर गेला. पण तेवढ्यात त्यांना दिसलं होतं. वरच्या ओठाला आतून हिरडीशी बांधणारी बारीक पट्टी हसताना ताणली जाऊन कवळीच्या काठावर घासत होती. प्लास्टरचा ओठ कधी हलत नाही, म्हणून इतकी वर्षं हे कळलंच नव्हतं.

त्यांनी काठ घासला, गुळगुळीत केला. “आता?” त्यांनी ऐटीत विचारलं.

“बरीय. पण डावीकडे अजून जरा लागतंय.”

ते पुन्हा ‘होईल सवय’ म्हणणार होते, पण त्यांनी ते गिळलं. मग काढून ठेवलेला चष्मा पुन्हा चढवला.

“कुठे? बोट ठेव बघू.”

सकाळी कामावर निघताना त्यांनी स्वयंपाकघरातली एक खुर्ची उचलली.

“ही कुठे नेताय?”

“माझ्या खोलीत. डॉक्टरांना सांगणार आहे, ज्यांना टोचतं त्यांना माझ्याकडे पाठवा म्हणून.”

“पाठवू देत. फक्त त्यांना विनोद सांगू नका!”

आणि ती हसायला लागली. खुर्ची हातात धरून दातवाले दारातच उभे राहिले, तिच्या वरच्या ओठाकडे बघत. ती हसतच राहिली. हात ओठाकडे गेला नाही.