काळं ते काळंच दिसलं पाहिजे

मी एका फोटो स्टुडिओतला जुना मॉनिटर आहे. कडेचं प्लास्टिक उडालंय, पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे, तरी ऐटीत बसलोय. मित्रांनो, कारखान्यातून निघताना मला एकच शिकवण मिळाली होती: आलेला रंग जसाच्या तसा दाखवायचा, पदरचं काही घालायचं नाही. तेवढं मी इमानेइतबारे करत आलो.

माझ्यासमोर बसायच्या मावशी. स्टुडिओ त्यांच्या भाच्याचा. तो फोटो काढायचा आणि मावशी लोकांचे फाटके, डागाळलेले जुने फोटो माझ्यावर दुरुस्त करायच्या. काय नजर होती त्यांची! काळ्या कोटावरचं काळं बटण त्यांना लख्ख दिसायचं. गालावरचा डाग कुठला आणि तीळ कुठला, यात त्यांची कधी गफलत झाली नाही. अशा माणसासमोर बसायला मिळालं, हे माझं भाग्यच.

मग भाच्यानं नवा कॉम्प्युटर आणला आणि नव्या वायरीनं मला त्याला जोडलं. पहिल्याच सकाळी मावशी म्हणाल्या, "अरे, काळं काळं दिसत नाहीये. राखेसारखं दिसतंय."

"नवीन आहे ना, मावशी. डोळ्यांना सवय होऊ दे."

मावशींचंच बरोबर होतं! त्या शहाण्या कॉम्प्युटरनं मला टीव्ही समजून टीव्हीच्या बेताचे रंग पाठवायला सुरुवात केली होती. गडद काळा नाही, शुभ्र पांढरा नाही, सगळे आपले मधले. मावशींनी सेटिंगसुद्धा उघडून पाहिलं. रंगांच्या ओळीत लिहिलं होतं, 'मर्यादित'.

"हे काय रे?"

"कंपनीचं नाव असेल. अमुक तमुक मर्यादित," भाचा लांबूनच म्हणाला. आता कंपनीच्या नावाला कोण हात लावणार? राहिलं तसंच.

फोटो फिका दिसतो म्हणून मावशी तो गडद करू लागल्या. माझ्यावर छान दिसे आणि कागदावर डांबर फासल्यासारखा येई. एका नर्सनं तिच्या वारलेल्या आईचा एकुलता एक फोटो आणला होता. काळ्या शालीवर आईची लांब वेणी. छापून आला तेव्हा शाल होती, वेणी गायब! नर्स रागावली नाही, नुसती बघत राहिली. ते मावशींना फार लागलं.

"माझे डोळे गेले रे," त्या भाच्याला म्हणाल्या. "हिचा फोटो दुसऱ्या कुणाकडून करून घे. मी थांबते आता."

भाच्याचा चेहरा पडला, पण तो 'नको' म्हणाला नाही. माझा जीव तुटत होता. बोलता आलं असतं तर मी ओरडूनच सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो फोटो दुसरीकडे पाठवायला मावशी बसल्या. अक्षरं मोठी करावीत म्हणून त्यांनी पुन्हा सेटिंग उघडलं. 'मर्यादित'च्या शेजारी एक इवलासा बाण होता.

"नावाला बाण कशाला?" त्या पुटपुटल्या आणि तो दाबला. खाली दुसरा शब्द आला, 'पूर्ण'. त्यांनी तो निवडला.

काय सांगू मित्रांनो, माझ्या अंगात प्राण आला! मावशींनी गडद केलेला फोटो आता माझ्यावरही डांबरासारखाच दिसला, अगदी कागदावर आला होता तसा. त्यांनी घाईघाईनं मूळ फोटो उघडला. काळ्या शालीवर काळी वेणी, पेडन् पेड वेगळा.

"अरे, इकडे ये! माझे डोळे आहेत जागेवर!" मावशी हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

नवा फोटो नर्सनं हातात घेतला आणि वेणीवर अलगद बोट ठेवलं. "इथून तिची एक बट नेहमी सुटायची," ती म्हणाली. "मी विसरूनच गेले होते."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ मऊ फडक्यानं पुसा, एवढं मागणं आहेच. पण घरातलं मोठं माणूस 'काहीतरी चुकतंय' म्हणालं, तर लांबून उत्तर देऊ नका. त्याच्या शेजारी येऊन बसा आणि त्याला काय दिसतंय ते बघा.