फौजदाराचं अंडं

मंगळवारी दुपारी श्रीपेरुंबुदूरहून अर्चनाचा फोटो आला. फोटोत तिचा तळहात, तळहातावर एक लहानसं पांढरं अंडं. खाली लिहिलं होतं, "शैलाताई, तुमच्या कोंबड्याने घातलं."

मी आधी चष्मा पुसला. मग फोन पुसला. अंडं तिथंच होतं.

हे अंडं माझ्या डोक्यावर कसं फुटलं ते कळायला मे महिन्यापर्यंत मागं जावं लागेल.

आम्ही पश्चिम तांबरमला गोदाअक्कांच्या घरात मागच्या पोर्शनमध्ये राहतो. उन्मेष, माझा नवरा, ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात. कंपनीची बस त्याला पहाटे साडेपाचला कोपऱ्यावरून उचलते. मुलगी पुण्याला होस्टेलवर. घरमालकीण गोदाअक्का पंचाहत्तरीच्या, एकट्या, तंजावरच्या मराठी. त्यांची मराठी आणि माझी मराठी म्हणजे लग्नात भेटलेल्या लांबच्या नातेवाईक बायका. चेहरा ओळखीचा वाटतो, नाव आठवत नाही, पण गप्पा मात्र संपत नाहीत.

अक्कांच्या घरात अंडं हा शब्दसुद्धा हळू बोलतात. तरी त्यांनी परसात कोंबड्या पाळू दिल्या त्या घोणींमुळे. परसात घोणी फार. एक तर त्यांच्या फुलांच्या परडीत निघाली. मी म्हटलं, कोंबड्या घोणी खातात. अक्कांनी चार दिवस विचार केला आणि मग तीन अटी घातल्या. अंडी मागच्या फाटकानं जातील. कोंबडीचा पाय त्यांच्या उंबऱ्याच्या आत पडणार नाही. आणि तिसरी अट सांगताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"सेवल नको गे. मला डोळा लागतो तो पहाटे चारला. त्यात तो ओरडला तर मी निजावं केव्हा? एक सेवल निघाला की अस्कि जातील."

सेवल म्हणजे कोंबडा. अस्कि म्हणजे सगळ्याच्या सगळ्या.

मेच्या शेवटी मोपेडवर डालगं बांधून एक माणूस आला. पाच पिल्लं घेतली. तीन तपकिरी गावठी, एक पांढरं आणि एक काळपट, लांब टांगांचं. "सगळ्या कोंबड्याच, अम्मा," तो म्हणाला, ज्या चेहऱ्यानं आंबेवाला 'साखर' म्हणतो त्याच चेहऱ्यानं. मी विश्वास ठेवला नाही. पिल्लांत नर कुठला, मादी कुठली, हे माझं मी शिकणार होते.

शिकले की. व्हिडिओ बघून, वही घालून. पंखांची पिसं ताणून पाहिली. पाय धरून उलटं केलं. म्हणे मान वर उचलते ती मादी, लोंबू देतो तो नर. पाचही जणांनी मान उचलली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी माफी मागितली. मग टोपीची परीक्षा. वरून अचानक काही पडलं की माद्या दबकतात, नर ताठ उभा राहतो. उन्मेषची कारखान्याची टोपी टाकली. चौघं दबकली. काळं पिल्लू चालत आलं आणि टोपीवर चढून बसलं. मी वहीत लिहिलं: "धीट मुलगी."

पाचव्या आठवड्यात पांढऱ्याला तुरा फुटला. काय तो तुरा, लाल, दातेरी, डोळ्यावर कलणारा. वहीत: "नर. शंभर टक्के." उन्मेषनं त्याचं नाव फौजदार ठेवलं. काळ्याच्या डोक्यावर मात्र तुरा म्हणून नुसती वाटाण्याएवढी गाठ. "मादी. शंभर टक्के." उन्हात तिची पिसं हिरवी चमकायची, म्हणून अक्कांनी नाव दिलं मरगदम. पाचू.

नवव्या आठवड्यात फौजदाराची बदली झाली. उन्मेषच्या कारखान्यातल्या पुरुषोत्तमचं श्रीपेरुंबुदूरला मोठं आवार आहे. त्याच्या बायकोनं, अर्चनानं, फौजदाराला कापणार नाही असं फोनवर तीनदा कबूल केलं. मी डालगं मांडीवर घेऊन बसनं गेले आणि येताना डोळे पुसत आले. पण अट पाळल्याचा अभिमान होताच.

मरगदम वाढत होती. पाय जाड झाले. मी अक्कांना समजावलं, ही असील, लढाऊ जात, जातच तसली. छाती पुढे आली. जातच तसली. पायामागं काटा आला. असीलच्या माद्यांनाही येतो, व्हिडिओत आहे. कमरेवर लांब टोकदार पिसं लोंबायला लागली तेव्हा मी म्हटलं, तब्येत छान आहे. अक्कांचा जीव जडला. दर शुक्रवारी येईल त्या सवाष्णीला हळदीकुंकू द्यायचं हा त्यांचा जुना नेम. त्यात मरगदमची भर पडली. ती उंबऱ्याबाहेर उभी, अक्का आत पाटावर, आणि वाटाण्याएवढ्या तुऱ्यावर कुंकवाचं बोट. असे बारा शुक्रवार झाले.

आणि आता हे अंडं.

मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. पांढऱ्या लेगहॉर्नच्या वळणाच्या कोंबडीला तुरा मोठा येतो आणि लवकर लाल होतो. असीलच्या नरालासुद्धा तुरा वाटाण्याएवढाच. तुरे एकाच जातीत तोलायचे असतात, जातीजातीत नाही. हे सगळं बाराव्या मिनिटाला होतं. अकराव्या मिनिटाला मी कुकर बंद करायला उठले होते.

संध्याकाळी उन्मेषला फोटो दाखवला.

"म्हणजे फौजदार..."

"हो."

"आणि मरगदम..."

"हो."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "आणि बाकीच्या तिघी?"

"त्या तिघी एकाच जातीच्या आहेत. अगदी सारख्या दिसतात. तिथं चूक व्हायची नाही."

"सारखे तर तिघे भाऊसुद्धा दिसतात."

"चहा पी."

बुधवारी पहाटे साडेचारला परसातून आवाज आला. आरवणं नव्हतं ते; गंजलेल्या कडीला कुणी दार उघडायला सांगतंय असा काहीतरी. उन्मेष गादीतून उठला आणि भिंतीकडे तोंड करून जोरात खोकला. परत आवाज, परत खोकला. त्या भिंतीपलीकडे अक्का निजतात. पाच मिनिटांनी दार वाजलं. अक्का डोक्यावरून पदर घेऊन उभ्या, हातात काढ्याचा ग्लास.

"निलवेंबू कषायम. एका घोटात पी. तुझ्या छातीत काही तरी बसलंय."

उन्मेषनं माझ्याकडे बघत ते कडूजहर प्यायलं. बसमध्ये चढेपर्यंत त्याचं तोंड वाकडं होतं.

त्याच दिवशी सकाळी मी सगळं सांगून टाकायला गेले. नवरात्र तोंडावर होतं. अक्का कोळू मांडत होत्या, बाहुल्यांच्या पायऱ्या. त्या स्टुलावर, मी खालून एकेक बाहुली देत होते.

"अक्का, एक सांगायचं होतं."

"आधी ती चेट्टियारची जोडी दे. वाण्याच्या दुकानाशेजारी."

"मरगदमबद्दल."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. "शुक्रवारी वन्सं येताएत तिरुवल्लिकेणीहून. त्यांनी हयातभर शाळेत पोरांना शिकवलं, पण त्यांच्याशी बोलायला घरात एक जीव न्हाइ. मी फोनवर सांगिटलं, माझ्याकडे एक हाय. हाक मारली की येत्ये. काय सांगणार होतीस?"

"तिला आज दोन घोणी सापडल्या," मी म्हटलं.

बुधवारी रात्रीच मी मरगदमला आमच्या ओट्याखाली बुटक्या खोक्यात ठेवलं. मान वर ताणता आली नाही तर कोंबड्याला नीट आरवता येत नाही, हेही व्हिडिओतलंच. बऱ्यापैकी खरं निघालं. तरी गुरुवारी पहाटे उन्मेष खोकला, तरी कषायम आलं. शुक्रवारी पहाटे तिसरा ग्लास. "शैला," तो म्हणाला, "मी कोंबडा झालो असतो तर कमी त्रास झाला असता."

शुक्रवारी संध्याकाळी अक्कांच्या हॉलमध्ये सात-आठ बायका, सुंडलचा, म्हणजे खोबरं घातलेल्या हरभऱ्याच्या उसळीचा वास, मोगरा. मी ठरवलं होतं, मरगदमला बरं नाही असं सांगायचं. पण अक्का मला विचारायला थांबल्याच नाहीत. रेशमी लुगडं सावरत थेट आमच्या स्वैपाकघरात आल्या, खोक्यावरची चादर उचलली आणि "इथं कसाला निजलीस गे" म्हणत त्याला काखेत घेऊन गेल्या. मी हात पसरून मागं मागं. बाजेवर पडलेल्या उन्मेषनं मला जाताना पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

मागच्या दाराच्या उंबऱ्याबाहेर मरगदम उभा राहिला. कुंकू लागलं. अक्कांची नणंद, विद्यालक्ष्मी, चष्मा नाकाच्या टोकावर आणून बघत होत्या. त्यांनी आयुष्यभर पेपर तपासले आहेत, ते दिसत होतं.

"टांगा फार लांब गे हिच्या."

"जातच तसली," अक्का म्हणाल्या. माझेच शब्द, माझ्याच ऐटीत.

कोळूला आलेल्या बाईनं काहीतरी गायचं असतं. एकीनं गायलं, दुसरीनं गायलं, मग अक्का म्हणाल्या, "शैला, तूं गा. तुमच्याकडचं." मला गाता येत नाही. पण वाटलं, मी गात असेपर्यंत दुसरं कुणी काही ऐकणार नाही. म्हणून लहानपणचं भोंडल्याचं एक गाणं काढलं आणि छातीतली सगळी हवा त्यात घातली. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याच्या सुरुवातीला मी श्वास घ्यायला थांबले आणि ते कडवं मरगदमनं उचललं.

गंजलेली कडी नव्हतीच आता. दोन दिवस खोक्यात दाबलेली मान त्यानं आभाळापर्यंत ताणली आणि असा आरवला की कोळूच्या पायऱ्यांवरचा मातीचा वाणीसुद्धा दचकला असेल. आवाज विरतो न विरतो तोच आमच्या पोर्शनमधून उन्मेष सवयीनं खोकला.

मी हसले. हसायचं नव्हतं, पण एकदा सुटलं ते सुटलंच. कोपऱ्यातल्या दोघी हसल्या, मग सगळ्या. विद्यालक्ष्मी मात्र हसल्या नाहीत.

"गोदा, तूं सेवलला कुंकू लावतंस?"

अक्का माझ्याकडे बघत होत्या. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. फौजदार, वही, अंडं, बारावं मिनिट, खोकं. "चूक माझी, अक्का. मंगळवारी कळलं, आणि तुम्हांला सांगायचं धाडस झालं नाही."

"म्हणजे उन्मेषला खोकला न्हाइ?"

"नाही."

"तीन दिवस कषायम प्यायला तो."

"प्यायला."

"अस्कि?"

"शेवटच्या थेंबापर्यंत. तुम्ही दारात उभ्या असायचात."

अक्कांच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्यांनी तो दाबला. "मी काय सांगिटलं होतं तुला?"

"एक कोंबडा निघाला तर सगळ्या जातील."

"सांगिटलं तसं करावं," विद्यालक्ष्मी म्हणाल्या. "न्हाइ तर पुढच्या खेपेला कोण ऐकेल तुझं?"

परसात त्या तिघी तपकिरी पेरूच्या झाडाखाली माती उकरत होत्या. मला एकदम दिसलं ते रिकामं परस, आणि भिंतीच्या या बाजूला मी, त्या बाजूला अक्का, मध्ये बोलायला काही नाही. मी म्हटलं, "अक्का, उद्या सकाळी सगळ्यांना घेऊन जाते."

अक्का वाकल्या. पदराच्या टोकानं त्यांनी मरगदमच्या तुऱ्यावरचं कुंकू पुसलं, नीट, पुन्हा पुन्हा, आणि तबकातल्या चंदनाच्या वाटीत बोट बुडवून पुरुषांना लावतात तसं गंध लावलं. तो हलला नाही. मग त्यांनी उंबऱ्याबाहेर पानावर चिमूटभर सुंडल ठेवलं.

"आमच्या आजेसासूपासून या घरात कोळूपुढे गायलेल्याला घालवून दिलेलं न्हाइ," त्या म्हणाल्या. "आणि वन्सं, तुम्ही तर अजून गायलाच न्हाइत."

विद्यालक्ष्मींनी चष्मा काढला. सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या, पान संपवून मरगदमसुद्धा. त्यांनी घसा खाकरला आणि बारीक, थरथरत्या, पण नेमक्या सुरात त्या गायला लागल्या. वरच्या सुरावर गेल्या तेव्हा त्यानं साथ दिली. त्या थांबल्या. त्याला आरवू दिलं. मग त्याच्याकडे बोट रोखून, वर्गातल्या मागच्या बाकाला देतात तसा दम देऊन, ती ओळ पुन्हा घेतली. आता कुणालाच आवरेना. एकीच्या हातातलं सुंडल उंबऱ्याबाहेर सांडलं, ते परसातल्या तिघींनी येऊन टिपलं. विद्यालक्ष्मी गाणं पुरं करूनच थांबल्या, आणि म्हणाल्या, "वरचा सूर बरा लागतो याचा. ताल न्हाइ."

तांबूल घेऊन बायका गेल्या. अक्कांनी मला दारात थांबवलं.

"रात्री तो तुझ्या ओट्याखाली, त्याच खोक्यात. सकाळी सातच्या आत बाहेर आणलास तर अस्कि जातील, आणि त्यांच्या मागं तूं. खोकला कुणी काढायचा न्हाइ."

"बरं."

"त्या अर्चनाला फोन कर. फौजदार आपली मुलगी आहे, परत आण."

"अंडं द्यायला लागलेली कोंबडी कोण परत देईल, अक्का?"

"मग बघून तरी येऊ एकदा. मी येत्यें." त्यांनी परसाकडे पाहिलं. तिघी खुराड्याकडे निघाल्या होत्या, एकीमागं एक. "आणि या? यांचं काय?"

मी वहीतलं आठवलं. तिघींचे तुरे, तिघींच्या कमरेवरची पिसं, सगळं बिनचूक लिहिलेलं. मी तोंड उघडलं. अक्कांनी उरलेल्या सुंडलचा द्रोण माझ्या हातात कोंबला.

"तूं सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "त्यांचं त्या सांगतील."